शंभराची रेघ

या, असे जवळ सरका. दार लोटून घ्या, बाहेरचा गलबला आत नको. आज तुम्हाला एका नावाड्याची गोष्ट सांगते, आणि त्या नावाड्याला काठाला लावायला निघालेल्या तिघा जणांची. देवाचं नाव घेऊन सुरू करते. चुकलंमाकलं तर तो सांभाळून घेईल, आणि तुम्ही तर घरचेच आहात.

आमच्या प्रार्थनाघरात आख्यान गायचे ते बुवा. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या आणि आठवड्यातून एक संध्याकाळ आमच्यासमोर उभं राहून गोष्ट गायची, हा त्यांचा नेम. उभं राहून म्हणजे काय, गोष्टीतला घोडा पळाला की बुवा पळायचे, गोष्टीतली म्हातारी वाकली की बुवा वाकायचे. शेजारी ढोलकावर मामा. मामा पेशानं सुतार. हाताला रंध्याचे असे घट्टे, की हात मिळवला तर लाकूड धरल्यासारखं वाटावं. पण तोच हात ढोलकावर पडला की मऊ व्हायचा. कसा ते देव जाणे.

मामा हे बुवांच्या बायकोचे थोरले भाऊ. सगळी आळी त्यांना मामाच म्हणायची, अगदी त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. आणि बुवांची बायको म्हणजे आमच्या काकू. इस्पितळाच्या धुलाईखात्यात काकूंनी उभा जन्म बॉयलर सांभाळला. चादरी, गाऊन, पडदे, सगळ्याला वाफ लागायची, आणि ती वाफ काकूंच्या हातात. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचे पांढरे डाग होते. ते दाखवायला त्यांना आवडायचं. "हा झडपेचा. हा माझ्याच घाईचा. आणि हा नव्या पोराचा, तो पोळणार होता, मी हात मध्ये घातला."

बॉयलरला एक काटा असतो आणि त्या काट्याच्या तबकडीवर एक लाल रेघ. काटा त्या रेघेला टेकता कामा नये, एवढं एकच शास्त्र काकूंच्या फोरमननं त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. बाकी सगळं नंतर. काकू ते सांगताना बोट नाचवायच्या: "रेघ इन्स्पेक्टर आखून जातो. आपण नाही आखायची, आपण नाही पुसायची. बॉयलर जुना झाला की रेघ खाली येते. वर गेलेली मी जन्मात पाहिली नाही."

हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं या रेघेवर आहे.

तर एक संध्याकाळ. बुवांनी स्वतः रचलेलं नवं आख्यान लावलं होतं, नावाड्याचं. एक नावाडी असतो. रोज संध्याकाळी नाव बांधण्याआधी तो पलीकडच्या काठाकडे तोंड करून हाक मारतो, "कुणी राहिलंय का हो?" कुणीही नसतं, तरी मारतो. लोक त्याला हसतात. एके दिवशी नदीला पूर. गाव सांगतं, आज नको जाऊस. तो सवयीनं हाक मारतो आणि पलीकडून ओ येते. हा निघतो. पलीकडे एक म्हातारा उभा. त्याला नावेत घेतो, परत फिरतो आणि मधल्या धारेत नाव गरगर फिरायला लागते. वल्हं हातात राहत नाही. तेव्हा नावाडी विचारतो, "आजोबा, असल्या पुरात निघालात. तुम्हाला जायचंय तरी कुठे?"

बुवांनी तो प्रश्न गाऊन विचारला, आणि त्यांचा हात छातीवर गेला. आम्हाला वाटलं, नावाडीच घाबरलाय. कुणीतरी मागून "वाहवा" म्हणालंसुद्धा. फक्त मामांचा ढोलक थांबला. मामा मग सांगायचे, "बुवा ठेक्याच्या मागे पडले. आमची दाढी काळी होती तेव्हापासून कधी पडले नव्हते. मला तिथंच कळलं." ढोलक बाजूला लोटून त्यांनी बुवांना खाली पडायच्या आत धरलं.

देवाची कृपा, बुवा वाचले. नाव मात्र मधल्या धारेत राहिली. म्हाताऱ्यानं काय उत्तर दिलं ते बुवांना ठाऊक, आणि मामांना ठाऊक, कारण ठेका कुठे धरायचा नि कुठे सोडायचा हे त्यांना आधी कळावं लागे. आम्हाला कुणालाच नाही. काकूंनाही नाही, त्यांना आख्यान आधी ऐकायला आवडत नसे.

इस्पितळात तळमजल्याला, धुलाईखात्याच्या भिंतीला लागून, हृदयाचं दुखणं झालेल्यांसाठी व्यायामाची खोली आहे. भिंतीतून अजून वाफेचा सुस्कारा ऐकू येतो. तिथल्या मॅडम वयानं लहान, बोलायला गोड. त्यांनी बुवांच्या मनगटाला नाडी मोजणारं घड्याळ बांधलं आणि म्हणाल्या, "काका, रोज चालायचं. नाडी शंभराच्या वर न्यायची नाही. शंभर झाले की हे पीप करेल, मग सावकाश व्हायचं. हा आकडा सुरुवातीचा आहे हं काकू. पुढे हृदयाला सवय झाली की चाचणी घेऊन बदलू."

"आणि घड्याळ बिघडलं तर?" काकूंनी विचारलं. कामाचा माणूस हेच विचारणार.

"तर बोलून बघायचं. चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. शब्द तुटायला लागले, एकेक शब्दाला श्वास घ्यावा लागला, तर जास्त होतंय. आणि आरामात गाणं म्हणता येत असेल तर थोडं आणखी चालवेल."

बुवा म्हणाले, "मॅडम, मला सुटलेल्या बसमागे धावतानाही गाता येतं. माझं काय करणार?"

मॅडम हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांना शंभर ऐकू आलं होतं. सुरुवातीचा, पुढे, बदलू, हे शब्द त्यांच्या कानावर पडले असतील, पण आत गेला तो आकडा. रेघ आखली गेली.

मग सुरू झालं त्यांचं चालणं. बुवा पुढे, काकू अर्धं पाऊल मागे, डोळे नवऱ्याच्या मनगटावर. आमच्या रस्त्याच्या टोकाला चढ आहे, वर टेकडीवर स्मशान. चढाच्या पायथ्याला न्हाव्याचं दुकान. तिथवर आलं की घड्याळ पीप करायचं, काकू बुवांची बाही ओढायच्या आणि वरात परत.

न्हावी वस्तरा परजत ओरडायचा, "काकू, ब्रेक घड्याळाचा की तुमचा?"

"माझा! घड्याळ नुसता भोंगा आहे."

"बुवा, वर जायची घाई नाही ना तुम्हाला?"

"बायको सोडेल तेव्हा ना," बुवा म्हणायचे आणि दुकानातले सगळे हसायचे.

दिवस गेले. बुवांचा रंग परत आला. न्हाव्याच्या दुकानापाशी घड्याळ पीप करेनासं झालं. तोच रस्ता, तीच चाल, पण आकडा खालीच राहायचा. चढाची पहिली चार पावलं टाकली तरच घड्याळ बोलायचं, आणि काकू तिथून माघारी फिरवायच्या. चढ वर्ज्य तो वर्ज्यच.

पुढच्या तपासणीला मॅडमनी आकडे पाहिले आणि खूश झाल्या. "काकू, बघा ना, आधी ज्या चालीला नाडी शंभर होत होती, तिला आता नव्वदही होत नाही. हृदय दमदार झालंय. आता फिरत्या पट्ट्यावर चालवून चाचणी घेऊ. छातीला वायरी लावायच्या, हळूहळू वेग आणि चढ वाढवायचा, आणि कुठवर झेपतं ते बघायचं. मग नवा आकडा देते."

काकूंनी हाताची घडी घातली. "म्हणजे रेघेच्या पलीकडे नेऊन बघणार?"

"डॉक्टर शेजारी असतात. काही वाटलं तर लगेच थांबवतो."

"मॅडम, राग मानू नका. बॉयलरची चाचणी आम्हीही घेतो. रेघेच्या बऱ्याच वर दाब नेतो. पण थंड पाणी भरून. आग विझवून. फुटला तर पाणी सांडतं, माणूस भाजत नाही. पेटत्या बॉयलरवर कुणी चाचणी घेत नाही." त्यांनी बुवांकडे बोट केलं. "यांची आग कुठे विझवणार तुम्ही?"

मॅडमनी हातातले कागद खाली ठेवले. मग त्या म्हणाल्या, "काकू, बॉयलर वापरून झिजतो. हृदय वापरून सुधारतं."

"वापरून सुधारलेली वस्तू मी तरी बघितली नाही. चाललंय ते छान चाललंय."

मॅडमनी बुवांकडे पाहिलं. शेवटी हृदय त्यांचं होतं. बुवांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "ही म्हणते तर राहू दे. पुढल्या खेपेला बघू."

पुढल्या खेपेला काकूंना कणकण आली. त्याच्या पुढल्या खेपेला आणखी काही निघालं. तपासणी व्हायची, चाचणी राहायची.

इकडे मामा हट्टाला पेटले होते. आठवड्यातून दोनदा यायचे, ढोलक काखेत, जसा काही आत्ताच कार्यक्रम आहे.

"चिमे," म्हणायचे. साठी उलटलेल्या, भाजलेल्या हातांच्या काकूंना चिमे म्हणणारा जगात एवढा एकच माणूस. "चिमे, माझा नावाडी बुडतोय बघ. आणखी किती दिवस वल्हं मारेल बिचारा?"

"मारू दे. जिवंत आहे ना?"

"त्याला काठाला लावू दे एकदा. एकच संध्याकाळ. मी ठेका इतका सावकाश धरीन की बुवांना जांभया येतील."

"दादा, तू तोंडानं सावकाश म्हणतोस. हात तुझ्या ताब्यात असतो का?"

हे खरं होतं. मामांनी ढोलक काखेतून खाली ठेवला. मग म्हणाले, "इथं, घरात करून बघू. बुवा खुर्चीत बसतील. घड्याळ माझ्या समोर ठेव. आकडा बघून वाजवतो. मग तर झालं?"

आणि देवाशपथ सांगते, त्यांनी ते केलं. मी तिथं होते, वाटाणे सोलत. बुवा खुर्चीत, मनगट टेबलावर उताणं, घड्याळ मामांच्या डोळ्यांसमोर. काकू दोघांच्या मध्ये उभ्या, एक हात वर, जशी वाफ सोडायच्या कळीवर. बुवांनी हलक्या आवाजात सुरू केलं. नव्वद. मामांचा ठेका म्हणजे नळ ठिबकावा तसा. नाव बांधायची वेळ झाली. त्र्याण्णव. मामांनी आणखी सोडून दिलं. मग नावाड्यानं पलीकडे तोंड केलं आणि हाक मारली, "कुणी राहिलंय का हो?"

खुर्चीत बसलेला माणूस. हात हलवला नाही, पाय हलवला नाही. पण त्या हाकेला बुवांचा चेहरा असा उजळला, की माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. मामा घड्याळाकडे बघत ठेका मागे मागे ओढतायत, बुवांचं गाणं पुढे जायला बघतंय, दोघांचं सूत जमेना. अशी ओढाताण मी कधी ऐकली नव्हती. घड्याळ बोललं. बुवा थांबले नाहीत, आणखी एक ओळ गायले. एकशे चार.

"बास," काकू म्हणाल्या. वर धरलेला हात खाली आला.

मामांनी ढोलकावर फडकं टाकलं. बुवांना धाप नव्हती, घाम नव्हता. ते म्हणाले, "अगं, मला काही झालं नाही. बोलतोय बघ मी नीट."

"व्हायच्या आधी थांबवायचं असतं. झाल्यावर काय थांबवायचं?"

मामा उठले. दारात वळून म्हणाले, "चिमे, तू याचं गाणं नाही बंद केलंस. याला जे आवडतं ते बंद केलंस. चालतो तेव्हा शंभर होत नाहीत, कारण चालणं त्याला आवडत नाही."

"दादा, जा आता."

"जातो. पण त्याला त्या चाचणीला ने. रेघ खाली आली तर खाली, मी ढोलक माळ्यावर ठेवीन. पण बघ तरी कुठे आहे ती."

काकूंनी दार लावून घेतलं. त्यांच्या मनात तेव्हा काय होतं ते त्यांनी मला फार नंतर सांगितलं. म्हणाल्या, "प्रार्थनाघरात यांचा हात छातीवर गेला, तेव्हा मी टाळ्या वाजवत होते गं. सगळ्यांबरोबर मीही. काट्याकडे कुणी बघत नव्हतं. मी जन्मभर काट्याकडे बघणारी बाई, आणि घरचा काटा बघितला नाही." त्या टाळ्या त्यांना रोज ऐकू यायच्या. आता अशा माणसाला तुम्ही काय समजावणार? भीती होती ती प्रेमाच्या पोटची. म्हणून तर ती कुणाला खोडता आली नाही.

त्या हिवाळ्यात मामांच्या छातीत कफ झाला. साधा खोकला म्हणून अंगावर काढला आणि मग अंथरूणच धरलं. काकू रोज जायच्या, छाती शेकायच्या, शेकण्यात त्यांचा हात धरणारं कोण होतं? बुवा उशाशी बसायचे. मामांची बोटं पलंगाच्या कडेवर चालू असायची. नळ ठिबकल्यासारखा ठेका नव्हे, चांगला भरदार, पुराचा.

"चिमे," मामा म्हणाले, "नेलंस का त्यांना पट्ट्यावर?"

"तू आधी बरा हो. मग तुम्हा दोघांना नेते."

"मग नाही. आत्ता ने."

"नेते रे. झोप आता."

मामा हसले. बुवांकडे बघून म्हणाले, "बुवा, बॉयलर बंद झाला तरी वाफवालीचा हात कळीवरून सुटत नाही बघा." मग खोकला आला, आणि दोन दिवसांनी मामा गेले.

देवानं माणूस नेला, त्यावर आपण काय बोलायचं. त्याचा तो हिशेब. पण दुसऱ्या दिवशी मामांना टेकडीवर न्यायचं होतं, तिथली गोष्ट ऐका.

चार जण खांद्याला लागले. त्यात पुढे उजवीकडे बुवा. कुणीतरी म्हणालं, "बुवा, तुम्ही नको." बुवांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकू मागे होत्या, रडून डोळे सुजलेले, त्यांच्या लक्षात आलं तोवर मंडळी न्हाव्याच्या दुकानाशी पोचली होती. न्हावी दुकान बंद करून पायरीवर हात जोडून उभा. चढ सुरू झाला आणि घड्याळ बोललं.

पीप. पीप. पीप.

काकू पुढे धावल्या. हात बाहीपर्यंत गेला, आणि तिथंच राहिला. कुणाच्या तिरडीखालून नवऱ्याला ओढणार होत्या? वर कोण होतं? त्यांनी हात मागे घेतला. सबंध चढभर घड्याळ ओरडत होतं, आणि रोज ज्याला आम्ही हसायचो त्याला त्या दिवशी कुणी हसलं नाही. मध्ये दोघांनी खांदा बदलला. बुवांनी बदलला नाही. काकू त्यांच्या कानाजवळून चालत होत्या, आणि काय करत होत्या म्हणाल तर श्वास ऐकत होत्या. प्रत्येक पावलाला त्यांना वाटत होतं, आता. आता पडेल. आता.

वर पोचले. बुवांनी मेहुण्याला हळूच खाली ठेवलं. उभे राहिले, कपाळ पुसलं, आणि काकूंकडे वळून म्हणाले, "दादांचा डावा पाय जरा वाकडा राहिलाय, त्यांना तसं आवडायचं नाही. तू सरळ करतेस का? माझा हात थरथरतोय."

सबंध वाक्य. एकाही शब्दाला तुटलं नाही. थरथर होती ती रडण्याची. घड्याळ अजून पीप करत होतं; मग हळूहळू, आपोआप, गप्प झालं.

काकूंनी भावाचा पाय सरळ केला. नंतर तिथंच खाली बसल्या. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. चाचणी झाली होती. ज्यानं ती मागितली होती, त्यालाच खांद्यावर घेऊन झाली होती.

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः बुवांना घेऊन मॅडमकडे गेल्या. मॅडमना आधी चढाचं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, "असं पुन्हा करू नका हं काका, ओझं घेऊन तर नकोच," आणि मग डॉक्टरांना बोलावून, छातीला वायरी लावून, बुवांना पट्ट्यावर चढवलं. पट्ट्याचा वेग वाढत गेला, बुवा चालत गेले. मॅडम मधून मधून विचारायच्या, "काका, कसं वाटतंय?" आणि बुवा पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे. भिंतीपलीकडे वाफ सुस्कारत होती. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या.

"एकशे अठरापर्यंत बिनघोर," मॅडम शेवटी म्हणाल्या आणि घड्याळात तो आकडा भरला.

काकूंनी विचारलं, "आणि गेल्या वर्षी घेतली असती, तर?"

"ते आता नक्की नाही सांगता येणार."

"अंदाजानं. रेघ एकशे चारच्या वर असती का?"

मॅडमना एकशे चार कुठून आलं ते कसं कळणार? त्या सहज म्हणाल्या, "हो, तेवढी तर असतीच असं वाटतं मला. पण काही हरकत नाही काकू, उशीर झालेला नाही."

काकू मान हलवून बाहेर आल्या.

घरी आल्यावर त्यांनी चहाचं आधण ठेवलं, बुवांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "अहो, मला सांगा. म्हाताऱ्यानं काय उत्तर दिलं?"

"आता कशाला?"

"सांगा."

"मग गाऊ?"

"नाही. नुसतं सांगा. ठेका नाही आता."

बुवांनी सांगितलं. नाव मधल्या धारेत गरगरतेय. नावाडी विचारतोय, आजोबा, असल्या पुरात निघालात, तुम्हाला जायचंय तरी कुठे? आणि म्हातारा म्हणतो, "मला कुठंच जायचं नव्हतं रे. तू हाक मारलीस, म्हणून ओ दिली." तेवढ्यात धार सैल होते. नाव काठाला लागते. नावाडी मागे वळून बघतो तर नावेत कुणी नसतं, नुसती बसायची फळी ओली.

आधणाला उकळी यायची होती अजून.

"एवढंच?" काकू म्हणाल्या.

"एवढंच. त्यात दादांना ठेका असा काही धरायचा नव्हताच. 'ओ दिली' म्हटलं की त्यांनी हात उचलायचा आणि गप्प बसायचं. फळी ओली म्हणेपर्यंत गप्प. तेच त्यांना वाजवायचं होतं. ते न वाजवणं."

काकूंनी गॅस बंद केला. "एवढ्याशासाठी मी त्याला झुलवलं. आणि किती सावकाशीनं झालं असतं, बसून झालं असतं. तो म्हणत होता ते."

"तू एकटीनं नाही." बुवांनी घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. "मॅडमना मी हो म्हणू शकलो असतो ना? तुझ्या नावावर ढकललं. ही म्हणते तर राहू दे, म्हणालो. मला वाटायचं, तुझ्यासाठी थांबलोय. खरं सांगू? मधल्या धारेत मलाही भीती वाटत होती. आणि तू बाही ओढलीस की बरं वाटायचं."

चहा झाला नाही एवढं खरं. काकूंनीच सांगितलं.

आता बुवा पुन्हा गातात. दुसरा एक जण ढोलक धरतो, चांगला आहे पोरगा, त्याला नावं ठेवू नये. काकू मागच्या रांगेत बसतात, आणि कधी कधी, रंगात आलं की, त्यांचा हात आपसूक वर उठतो नि त्या तो धरून खाली घेतात. नावाड्याचं आख्यान मात्र बुवांनी परत लावलं नाही. लोक विचारतात. ते म्हणतात, "त्याचा शेवट ज्याला वाजवायचा होता तो गेला." मी तुम्हाला तो शेवट सांगितला, तो त्यांना विचारून. ते म्हणाले, सांग, पण गाऊ नकोस.

रात्री प्रार्थनेला बसाल, तेव्हा आपल्या माणसांसाठी तर मागालच. त्यात एक नाव आणखी घ्या. नाव नको, नुसतं मामा म्हणा; ज्याला ऐकायचं त्याला कळेल. ढोलक काखेत घेऊन बहिणीच्या दाराशी पुन्हा पुन्हा आलेला एक सुतार, त्याला विसरू नका.